लोजिमानच्या नावावरचे अकरा पाइप

मी तापट आहे हे आख्ख्या रानाउ गावाला ठाऊक आहे. आमच्या स्पेअर पार्टच्या काउंटरला लोखंडी जाळी आहे, ती गिऱ्हाइकांच्या जिवाला धोका नको म्हणून लावलीय, असं बॉस वून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सांगू देत. बावीस वर्षं त्या जाळीमागे बसलेय मी आणि अजून एकालाही चुकीचा पार्ट दिलेला नाही. पण गेल्या महिन्यात माझा राग चुकीच्या माणसावर निघाला. त्याचं काय झालं ते सांगते, मध्ये कुणी बोलू नका.

आधी अकी लोजिमान कोण ते ऐका. अकी म्हणजे आजोबा, पण त्यांना सगळेच अकी म्हणतात, पासष्टीचे बॉस वूनसुद्धा. अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर वेताची टोपी, तोंडात दात सहा की सात, आणि एक पांढरी व्हॅन. डोंगरातल्या गावांतून माणसं खाली आणायची, परत वर सोडायची. माणसांबरोबर किरिमही यायचं. आमच्याकडे कुणी बाजाराला निघाला की घराघरातून हाका सुरू होतात, माझं हे आण, माझं ते आण. यालाच किरिम म्हणतात, आणि त्याला नाही म्हणणाऱ्याला पुढच्या लग्नात कुणी जेवायला बस म्हणत नाही. अकींकडे तर गावच्या गाव किरिम टाकायचं. शनिवारी तामूला, म्हणजे आठवडी बाजाराला, खाली उतरले की व्हॅन चालूच ठेवून ते माझ्या जाळीशी हजर.

"पोरी, गाइबिनला क्लच प्लेट. तिंबुआच्या मास्तरला पंख्याचा पट्टा. आणि मेसिलाउची ती कोबीवाली विधवा, तिच्या लॉरीला ब्रेकचा पाइप."

"आधी गाडी बंद करा. सगळा धूर आत येतोय."

"बंद केली तर परत चालू कोण करणार? तू?"

आता यात माझं काय ते सांगते. सिस्टिममध्ये नवीन गिऱ्हाईक घालायचं तर नऊ रकाने भरावे लागतात. ओळखपत्राचा नंबर, जन्मतारीख, फोन, गाडीचा चासी नंबर, इमेल. कोबीवालीचा इमेल! आणि बाहेर व्हॅन धूर ओकतेय, मागे रांग लागलीय. म्हणून मी सगळंच अकींच्या नावावर काढायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात खरं नाव लिहायचे. गाइबिन, निळी लॉरी. मास्तर, तिंबुआ. ही पद्धत मला कुणी शिकवली नव्हती, पण चोख होती. पार्ट कुठल्या गावात, कुठल्या गाडीत गेला ते मी एका मिनिटात सांगू शकत होते.

मग गेल्या वर्षी हेड ऑफिसनं सिस्टिम बदलली. त्यासाठी कोटा किनाबालुहून मिस्टर ग्रेगरी आले. आहे आपल्याच दुसून जमातीचा माणूस, आजोळ इथून दोन टेकड्यांपलीकडे, पण असा वागतो की बांबूचं लोणचं कधी चाखलंच नाही. जुन्या सिस्टिममधली माहिती त्यानं नवीनमध्ये ओतली आणि ओतताना शेऱ्याचा रकाना गाळून टाकला. मी विचारलं, माझे शेरे कुठे गेले?

"तो कचरा होता, मिस जुइना," तो हसून म्हणाला. "निळी लॉरी, कोबीवाली बाई... ही काय माहिती झाली? सिस्टिमला स्वच्छ डेटा लागतो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी तोंड उघडणार इतक्यात बॉस वूननी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला माणूस आहे, पण हेड ऑफिसचा फोन आला तरी उठून उभा राहतो. मी गप्प बसले. तेव्हा गप्प बसले याचाही मला आता राग येतो.

गेल्या महिन्यात सोमवारी गाड्यांच्या कंपनीची नोटीस आली. दोन वर्षांपूर्वी आलेल्या ब्रेकच्या पाइपांचा एक लॉट खराब आहे. रबर तापलं की आतून फुगतं आणि लांब उतारावर पाइप फुटू शकतो. कंपनीच्या पाच-सहा तऱ्हेच्या गाड्यांना तोच पाइप बसतो. ज्यांना ज्यांना तो विकला त्या सगळ्यांना शोधा, कळवा, फुकट बदलून द्या. लांब उतारावर म्हणे! आमच्या डोंगरात सरळ रस्ता कुठे आहे तो दाखवा. कोबीनं भरलेल्या लॉऱ्या तासन्‌तास ब्रेकवर पाय ठेवूनच खाली येतात.

मंगळवारी ग्रेगरीनं फोनवर सांगितलं, "स्टॉक मूव्हमेंट उघडा. पार्ट नंबर टाका, लॉटच्या तारखा टाका, मी पाठवलेला साचा निवडा आणि एक्स्पोर्ट करा. बाकी कशाला हात लावू नका."

मी हात लावला नाही. त्याचा साचा गिऱ्हाइकानुसार बेरीज करतो. पंधरा पाइपांच्या चार ओळी बाहेर आल्या. एक भाजीचा व्यापारी, दोन पाइप. एक शाळा, एक. एक चहावाला, एक. आणि लोजिमान, अकरा. तीच फाइल पाठवून दिली. मला वाटलं, आता ते विचारतील की हे अकरा कुणाकुणाचे.

विचारतंय कोण! गुरुवारी सकाळी मेल आला. रानाउ शाखा, पंधरापैकी पंधरा पाइप, गिऱ्हाइकांना कळवलं, शंभर टक्के. सगळ्या शाखांत पहिली. खाली पिवळा अंगठा. बॉस वूननी तो मेल छापून भिंतीवर लावायला घेतला होता. मी त्यांच्या हातातून सेलोटेप हिसकावली आणि ग्रेगरीला फोन लावला.

"शंभर टक्के कसे झाले?"

"बुधवारी क्वालालंपूरच्या कॉल सेंटरनं चारही गिऱ्हाइकांना फोन केले. मिस्टर लोजिमान यांनी प्रत्येक प्रश्नाला होकार दिला. रेकॉर्डिंग आहे."

"अहो, एका माणसाकडे अकरा लॉऱ्या असतील असं वाटतं तुम्हाला?"

"असतील. मोठा मालक असेल."

"एक खटारा व्हॅन आहे त्यांच्याकडे! ते पाइप दुसऱ्यांचे आहेत. किरिम आहे ते, किरिम! तुमच्या आजीनं कधी किरिम टाकलं नाही का?"

"मिस जुइना, डेटामध्ये एक गिऱ्हाईक आहे. त्या गिऱ्हाइकाला कळवलंय. काम संपलं."

त्यानं फोन ठेवला. मी आणखी तीनदा लावला, त्यानं उचलला नाही. मग मात्र माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. फाइलचा कागद मुठीत धरला आणि भर उन्हात व्हॅनच्या अड्ड्यावर गेले.

अकी झाडाखाली बसून केळीच्या पानातला भात खात होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "काल तुम्हाला फोन आला होता?"

"आला होता की. कुणीतरी बाई होती. काय गोड आवाज, पोरी! फोनचं पॅकेज विकत होती बहुतेक."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बाह."

आमच्याकडे हो म्हणजे बाह, बरं म्हणजे बाह, बघू म्हणजे बाह, आणि निघतो आता म्हणजेही बाह. ते त्या क्वालालंपूरच्या बाईला कोण सांगणार?

"प्रत्येक प्रश्नाला बाह?"

"मग? चांगल्या घरची पोर वाटत होती. तिला नाही कसं म्हणायचं?"

मी नोटीस समजावून सांगितली. त्यांनी भात बाजूला ठेवला, हात धुतले आणि बोटं मोजायला लागले. शपथेवर सांगते, दोन वर्षांपूर्वीचं किरिम त्या माणसाला तोंडपाठ होतं. गाइबिन, निळी लॉरी. मेसिलाउची विधवा. बुंडू तुहानचे दोघे भाऊ, एकेक. मास्तर. चर्चची लॉरी. असे दहा झाले. कुणाच्या गाडीला पाइप कुणी बसवला, तेव्हा पाऊस होता की ऊन, तेसुद्धा सांगितलं. मी भराभर लिहून घेतलं.

"अकरावा?"

"दहाच, पोरी."

"इथे अकरा आहेत. बघा. अकरा!"

"मग तुझं यंत्र चुकलं."

"यंत्र चुकलं नाही. आठवा ना."

त्यांनी पुन्हा मोजले, पुन्हा दहाच भरले. तिसऱ्यांदा मोजायला लागले तशी माझी सटकली. ग्रेगरीवरचा, त्या पिवळ्या अंगठ्यावरचा, वर्षभराचा सगळा राग तोंडाशी आला आणि समोर होते फक्त अकी.

"म्हातारचळ लागलाय तुम्हाला!" मी अड्ड्यावर सगळ्यांसमोर ओरडले. "लक्षात राहत नाही तर दुनियेचं किरिम घेता कशाला? उद्या कुणी दरीत गेला तर त्याच्या बायकोला काय सांगणार? बाह?"

अकींनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. मग सावकाश म्हणाले, "शोधून आणतो." त्यांच्याशी बावीस वर्षं भांडत आलेय, पण त्यांचा चेहरा तसा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तेव्हाही माझा राग उतरला नाही. बरं झालं, आता तरी हलतील, असंच मनात आलं.

दुपारभर मी त्या दहा जणांना फोन केले. कोबीवाली म्हणाली, तोडलेला माल शेतात पडलाय, तो काय पाठीवर नेऊ? मी म्हटलं, पाठीवर ने, पण लॉरी हलवशील तर तुझं नाव घेऊन चर्चमध्ये ओरडेन. तिनं ऐकलं, सगळ्यांनीच ऐकलं. संध्याकाळपर्यंत दहा लॉऱ्या उभ्या होत्या. उरला अकरावा.

शुक्रवारी सकाळी काउंटरवर गर्दी होती, पण माझं मन त्या अकराच्या आकड्यातच अडकलं होतं. अकरा वाजता मी ग्रेगरीचा साचा बाजूला टाकला. बेरीज काढून टाकली आणि नुसत्या ओळी मागवल्या, ज्या तारखेला माल हलला त्या तारखेनं. हे मी मंगळवारीच करू शकले असते. गुरुवारी सकाळीही करू शकले असते. मी सगळा वेळ भांडण्यात घालवला.

एकेका पाइपची एकेक ओळ बाहेर आली. लोजिमानच्या अकरा तारखा. मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं आणि वार लावत गेले. शनिवार. शनिवार. पुन्हा शनिवार. सगळे तामूचे दिवस, किरिमचे दिवस. सातवी ओळ बुधवारची निघाली.

बुधवारी अकी कुणाचं किरिम घेऊन येत नसत. बुधवारी माणसंच खाली उतरत नाहीत. बुधवारी ते आले तर एकाच कारणानं येत, त्यांची स्वतःची व्हॅन रुसली असेल तर. आणि मग मला तो दिवस डोळ्यांसमोर दिसला. आमच्या वर्कशॉपसमोर व्हॅनचं चाक काढून ठेवलेलं, अकी तिच्याखाली आडवे, आणि आमचा मेकॅनिक म्हणतोय, "अकी, मी बसवून देतो," आणि खालून आवाज येतोय, "माझ्या म्हातारीला परका हात लागलेला चालत नाही."

"ओडोई, देवा रे," मी म्हणाले आणि अकींना फोन लावला.

फोन लागेना. घरी लावला तर त्यांची बायको, आम्ही तिला ओडू, म्हणजे आजी, म्हणतो, ती म्हणाली, "ते कसले असतात घरी! उजाडायच्या आत गेले. काल रात्री जेवलेसुद्धा नाहीत. म्हणाले, अकरावा सापडेपर्यंत गावंगाव हिंडणार."

"व्हॅन घेऊन?"

"मग काय चालत?"

मी जाळीचं दार आदळलं. बॉस वूननी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शोरूममधल्या पिकअपची किल्ली उचलली. हेड ऑफिसच्या लेखी परवानगीशिवाय जी गाडी दाराबाहेर काढायची नाही, तीच. सगळा रस्ता मी बडबडत होते. ग्रेगरीला शिव्या देत होते, कंपनीला देत होते, मध्येच रडत होते.

वरच्या गावांकडे जाणाऱ्या मेसिलाउच्या रस्त्याला तिसऱ्या वळणावर माणसं जमलेली दिसली. व्हॅन डाव्या अंगाला, डोंगराच्या बाजूला, कोबीच्या वाफ्यात आडवी पडली होती. उजवीकडे दरी. पाइप फुटल्यावर त्या माणसानं एवढ्याशा वेळात गाडी डोंगरावर घातली होती. आत दुसरं कुणीच नव्हतं. वर गावात चौदाजण खाली यायला उभे होते, त्यांना अकी म्हणाले होते, "आज नाही. आज मी मिस जुइनाच्या कामावर आहे."

कमरेचं हाड मोडलं. उजवा पाय दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, काठीनं चालतील, गाडी विसरा. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा अकी पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघत होते. मला पाहिलं आणि ते सहा-सात दात दिसले.

"पोरी, अकरावा सापडला."

मला हुंदका आवरेना. "हसता काय! स्वतःचा पाइप कसा विसरता तुम्ही?"

"विसरलो कुठे? तू किरिमचे विचारलेस ना? किरिम दहाच होते." मग म्हणाले, "माझं मी घेतलेलं मी कशाला मोजू?"

मी त्यांच्या पलंगाशी बसून त्यांनाच शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. माफी मागायला गेले होते मी, आणि तेवढंच जमलं नाही. शेवटी त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला. नर्स म्हणाली, बाई, हळू बोला, हे हॉस्पिटल आहे.

सोमवारी ग्रेगरीचा फोन आला. गुरुवारी मी लावत होते तेव्हा उचलत नव्हता, आता स्वतःहून आला. आवाज मऊ. "मिस जुइना, अपघाताचं वाईट वाटलं. फाइलसाठी एक कागद हवाय. तोच एक्स्पोर्ट पुन्हा काढा, माझ्याच साच्यात. लोजिमान, अकरा नग, बुधवारी कळवलं, होकार मिळाला. त्यावर तुमची सही, शाखेचा शिक्का."

"कशासाठी?"

"आपल्या बाजूनं सगळं झालं होतं हे दिसायला हवं. गिऱ्हाइकाला कळवलं होतं. त्यांनी गाडी वापरली."

"म्हणजे दोष त्यांचा?"

"मी तसं म्हटलेलं नाही. डेटा तसं म्हणतोय."

माझा आवाज चढला नाही. इतका राग आला होता की आवाज खाली गेला. मी म्हटलं, पाठवते. फोन ठेवला आणि एक्स्पोर्ट काढला, तारखेनं, एकेक ओळ सुटी. मग त्या फाइलला शेवटी माझ्या हातानं एक रकाना जोडला, वर लिहिलं शेरा. आणि प्रत्येक ओळीपुढे नाव, गाव, गाडी. हेड ऑफिसला पाठवली. नोटीस पाठवणाऱ्या कंपनीला पाठवली. अपघाताची नोंद घेणाऱ्या पोलिसाला छापून दिली, सहीसकट. शिक्का बॉस वूनच्या ड्रॉवरमध्ये असतो. मी मागितला नाही, त्यांनी आपणहून काढून पुढे ठेवला.

पंधरा मिनिटांत ग्रेगरी पुन्हा फोनवर. आता मऊपणा संपला होता. "हा काय रकाना आहे? साच्यात हा नाहीच. सिस्टिम ही फाइल घेणार नाही."

"सिस्टिमनं घेऊ नये. तुम्ही वाचा."

"मिस जुइना, तुमच्या नोकरीचा..."

"बरं, तुम्हाला वेळ नाही, मीच वाचते." मी फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. जाळीपलीकडे आठ-दहा गिऱ्हाइकं उभी होती, चुळबुळ थांबवून ऐकायला लागली. "एक. शनिवार. गाइबिन, निळी लॉरी, उभी केलीय. दोन. शनिवार. मेसिलाउची रोसिंती, कोबीची लॉरी, उभी केलीय. तीन. शनिवार. तिंबुआचे मास्तर..."

चौथ्या नावाला त्यानं फोन कापला. मी थांबले नाही. ज्यांची नावं होती त्यांचेच शेजारी-पाजारी समोर उभे होते, त्यांच्यासाठी वाचत गेले. पाच, सहा. सातवी ओळ बुधवारची होती, ती मी सोडली आणि आठवीवर गेले. नऊ, दहा, अकरा. मग मागे सातवीवर आले. काय लिहिलंय ते मला पाठ होतं, मीच लिहिलं होतं, पण कागद तसाच धरून उभी राहिले.

बॉस वूननी माझ्या हातातून कागद घेतला. चष्मा वर केला. आणि हेड ऑफिसच्या फोनला उठून उभा राहणारा तो माणूस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला.

"बुधवार. एक नग. अकी लोजिमान, पांढरी व्हॅन, स्वतःसाठी. त्यांना कुणी विचारलं नाही. मी त्यांना अड्ड्यावर चारचौघांत म्हातारचळ लागलाय म्हणाले आणि हाच पाइप शोधायला डोंगरात पाठवलं. जुइना, स्पेअर पार्ट काउंटर, रानाउ."